रँक एकाची, तयारी घराची



दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपल्या मंडळात दरवर्षी होतो. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि पाहुण्यांचे दोन शब्द. अलीकडे सत्काराच्या यादीत एमबीबीएस पूर्ण केलेली मुले-मुलीही असतात, ही काकतीसारख्या गावाला अभिमान वाटावी अशीच गोष्ट आहे. पण सत्कारानंतर चहा घेताना त्या मुलांना हमखास एक प्रश्न विचारला जातो, ‘आता पीजी कधी?’ वर्ष-दीड वर्षाने तोच प्रश्न बदलून येतो, ‘अजून नंबर लागला नाही का?’ आणि मूल तिथून उठून गेले की कोणीतरी म्हणते, ‘खरंच हुशार असता तर लागला असता.’

हे वाक्य आम्हीही म्हटलेले आहे, म्हणून दुसऱ्या कोणाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. डॉक्टरकीच्या पदव्युत्तर परीक्षेत कोण पुढे जातो आणि कोण मागे राहतो, यात हुशारीचा वाटा किती आणि घराचा वाटा किती, हे आपण एकदा नीट पाहावे, एवढाच हेतू आहे. कारण घराचा वाटा मोठा असेल, तर तो थोडाफार भरून काढणे गावाच्या आणि मंडळाच्या हातात आहे.

परीक्षा कशी असते

एमडी किंवा एमएसला प्रवेश हवा असेल तर नीट पीजी द्यावी लागते. ही परीक्षा पहिल्यांदा २०१३ च्या प्रवेशांसाठी झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला आणि २०१७ च्या प्रवेशांपासून ती देशभर लागू झाली. ३ ऑगस्ट २०२५ रोजी झालेल्या परीक्षेसाठी २ लाख ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी नावे नोंदवली होती. हे सगळे एमबीबीएस झालेले, म्हणजे आधीच एका कठीण चाळणीतून आलेले. जागा त्यांच्या मानाने कितीतरी कमी, आणि मेडिसिन, रेडिओलॉजी, त्वचारोग, बालरोग अशा मागणीच्या विषयांत तर फारच कमी.

पेपर २०० प्रश्नांचा, वेळ साडेतीन तास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. २०२४ पासून पेपरचे ४० प्रश्नांचे पाच भाग केले असून प्रत्येक भागाला ४२ मिनिटे मिळतात. एक भाग संपला की मागे जाता येत नाही. एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट, आणि प्रश्न बहुतेक वेळा रुग्णाची पाच-सहा ओळींची हकिगत सांगणारा. अशा परीक्षेत ज्ञान तर लागतेच, पण त्याहून जास्त लागतो सराव. सरावाला लागतो वेळ, आणि घराघरांतला फरक इथूनच सुरू होतो.

वेळ कोणाकडे आहे

एमबीबीएसनंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. ती संपली की दोन रस्ते दिसतात. पहिल्या घरात आई-वडील डॉक्टर, प्राध्यापक किंवा चांगल्या नोकरीत आहेत. तिथे मुलाला सांगितले जाते, ‘वर्षभर फक्त अभ्यास कर.’ मोबाइलवर शिकवणीचे ॲप असते, टेस्ट सिरीज असते, बेंगळुरूला किंवा हुबळीला खोली असते. पहिल्या प्रयत्नात मनासारखी रँक नाही आली तर दुसरा प्रयत्न गृहीतच धरलेला असतो.

दुसऱ्या घरातले वडील होनग्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, किंवा दोन-तीन एकरांत भाजीपाला करणारे, किंवा निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेले. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होण्याच्या बेतात असतात. धाकट्या भावंडाची फी असते. अशा घरातला मुलगा किंवा मुलगी शहरातल्या खासगी रुग्णालयात आरएमओ म्हणून रात्रपाळी धरते. रात्री कॅज्युअल्टी सांभाळायची, सकाळी दोन तास झोपायचे आणि दुपारी पुस्तक उघडायचे. महिन्याला पगार येतो, घर चालते, आणि अभ्यासाचे तास रोज पाच-सहाने कमी होतात. वर्षअखेर दोघांची रँक शेजारी ठेवून आपण विचारतो, हुशार कोण?

मुलींच्या बाबतीत अजून एक गोष्ट असते. इंटर्नशिप संपते तेव्हा वय तेवीस-चोवीस. नातेवाईक स्थळे घेऊन यायला लागतात. पहिल्या प्रयत्नात नंबर लागला नाही, तर मुलाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात आणि मुलीला ‘आता पुरे, लग्नानंतर बघ’ म्हणतात. दुसरा प्रयत्न करायला मिळणे हीच मोठी शिदोरी आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांना सारखी मिळत नाही.

मराठी शाळेतून इंग्रजी पेपरापर्यंत

आपल्याकडची बरीच मुले पहिली ते दहावी मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसी सायन्सला एकदम इंग्रजीत जातात. एमबीबीएसच्या प्रवेशाची नीट २०१७ पासून मराठीतही देता येते. नीट पीजी मात्र फक्त इंग्रजीत असते. एमबीबीएसची साडेपाच वर्षे काढल्यावर डॉक्टरला इंग्रजी येत नाही असे कोणी म्हणणार नाही. पण येणे वेगळे आणि मिनिटाला एक हकिगत वाचून, तिच्यातला फसवा शब्द ओळखून उत्तर निवडणे वेगळे. लहानपणापासून इंग्रजी वाचणाऱ्याचे प्रत्येक प्रश्नाला दहा सेकंद वाचले, तरी २०० प्रश्नांत त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ जास्त मिळतो.

बेळगावच्या वॉर्डात आपल्या मुलांना एक फायदाही असतो, तोही सांगायला हवा. रुग्ण कन्नड, मराठी, उर्दू बोलतात आणि आपली मुले तिन्ही भाषांत त्यांच्याशी बोलू शकतात. रुग्णाची हकिगत नीट काढणारा डॉक्टर हा चांगला डॉक्टर असतो. परंतु या कौशल्याला प्रवेशपरीक्षेत एकही गुण नाही.

सीमेवरचा हिशेब

तिसरी गोष्ट माहितीची, आणि ती सीमाभागाला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज तेव्हा सुरू झाले. पण सरकारी महाविद्यालय, म्हणजे बिम्स, आले २००५ साली. मधल्या बेचाळीस वर्षांत सरकारी महाविद्यालयात शिकायचे तर हुबळी किंवा त्याहून दूर जावे लागे. मिरजेचे सरकारी महाविद्यालय अंतराने जवळ, पण राज्य वेगळे. त्यामुळे आपल्या बहुसंख्य घरांत डॉक्टरांची पहिलीच पिढी आता उभी राहते आहे. पहिल्या पिढीला वाट दाखवणारे घरात कोणी नसते.

वाट माहीत नसल्याने काय होते, याचे उदाहरण पाहा. पीजीच्या राज्य कोट्यात ‘मी या राज्याचा रहिवासी’ एवढ्यावर आरक्षण मिळेल, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. कर्नाटकने घातलेली रहिवासाची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्द केली होती. २९ जानेवारी २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने देशभरासाठी स्पष्ट केले की पीजी वैद्यकीय प्रवेशात रहिवासावर आधारित आरक्षण घटनेला धरून नाही. काही प्रमाणात संस्थेला, म्हणजे एमबीबीएस कुठे केले त्याला, प्राधान्य देता येते. याचा सरळ अर्थ असा की पीजीच्या वेळी आपण काकतीचे आहोत याला फार किंमत नाही, एमबीबीएस कोणत्या राज्यातून केले याला आहे.

म्हणजे अठराव्या वर्षी एमबीबीएसचा पसंतीक्रम भरताना बेळगाव लिहायचे की कोल्हापूर, हुबळी की मिरज, याचा परिणाम सहा-सात वर्षांनी पीजीच्या वेळी होतो. महाराष्ट्र सरकारने वादग्रस्त सीमाभागातील मराठी मुलांसाठी एमबीबीएसच्या मोजक्या जागा ठेवलेल्या आहेत. त्या घेताना पुढची वाट कोणत्या राज्यात जाईल हाही विचार करायला हवा. ज्या घरात आधीचा डॉक्टर आहे तिथे हा विचार जेवणाच्या ताटावर होतो. आपल्या घरांत तो होत नाही, कारण तो करायचा असतो हेच कोणी सांगितलेले नसते.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. काकतीतले मराठा घर कर्नाटकात ३बी गटात येते. त्याच भावकीतले कोल्हापूरकडचे घर महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने एसईबीसी ठरते. आणि अखिल भारतीय कोट्यात दोन्ही घरे खुल्या वर्गात, उत्पन्न मर्यादेत बसले तर ईडब्ल्यूएसमध्ये. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही, हे १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि ते प्रकरणही मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरूनच निघाले होते. ओबीसी मुलांना तर राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा. समुपदेशनाच्या फेरीला दोन दिवस उरले असताना नाडकचेरीत धावणारे पालक आपण पाहिले आहेत. अशा धावपळीत जागा हुकली, तर तो दोष मुलाच्या हुशारीचा कसा म्हणायचा?

शून्य पर्सेंटाइल आणि पैसा

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्या वर्षीच्या नीट पीजीची पात्रता सर्व गटांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण समुपदेशनाला पात्र. जागा रिकाम्या राहतात, त्या भराव्यात, असा त्यामागचा विचार होता, आणि त्यात तथ्य आहे. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांसारख्या विषयांच्या जागा खरोखर रिकाम्या राहतात, आणि त्यांतून पुढचे शिक्षक तयार होतात.

पण दुसरी बाजूही आहे. खासगी आणि अभिमत संस्थांमध्ये व्यवस्थापन कोटा आणि एनआरआय कोटा असतो. मागणीच्या विषयाची तिथली तीन वर्षांची फी काही ठिकाणी कोटीच्या घरात जाते. पात्रतेची रेषा खाली आली की अशा जागेसाठी रँकपेक्षा ऐपत मोठी ठरते. रात्रपाळी करून मधल्या रँकवर आलेला आपला मुलगा बाहेर राहतो आणि त्याच्या बराच मागे असलेला, पण फी भरू शकणारा, आत जातो. आरक्षणाने गुणवत्ता घसरते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या वाटेने आत गेलेल्यांबद्दल मात्र तेवढ्या मोठ्या आवाजात कोणी बोलत नाही.

गुणवत्ता म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयापुढेही आला होता. अखिल भारतीय कोट्यात ओबीसींना २७ टक्के आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के आरक्षण देण्याचा निर्णय जुलै २०२१ मध्ये झाला. त्याला आव्हान दिले गेले. २० जानेवारी २०२२ च्या सविस्तर निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांनी ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सांगितले की खुल्या स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येणार नाही, कारण काही घरांना पिढ्यान्पिढ्या मिळालेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक पाठबळ त्या गुणांत दिसत नाही. आपण वर घरगुती भाषेत जे पाहिले, तेच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत म्हटले. आणि एक गोष्ट नेहमी लक्षात ठेवावी. प्रवेश कोणत्याही गटातून झालेला असो, तीन वर्षांनी एमडी-एमएसच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट सर्वांना एकच असते.

आत गेल्यावर

प्रवेश मिळाला की सगळे संपले असेही नाही. तीन वर्षांत प्रबंध लिहायचा, शेवटी लेखी पेपर द्यायचे आणि मग परीक्षकांसमोर रुग्ण तपासून तोंडी उत्तरे द्यायची. परीक्षकांत बाहेरचे असतात तसे आपल्याच विभागातलेही असतात. वरिष्ठ शिकवतात की नाही, शस्त्रक्रियेत हात लावू देतात की नाही, चुकल्यावर समजावतात की चारचौघांत अपमान करतात, यावर पुष्कळ अवलंबून असते.

डॉ. पायल तडवी यांचे नाव इथे घ्यावेच लागते. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली ही मुलगी. एमबीबीएस तिने आपल्या जवळच्या मिरजेत केले आणि स्त्रीरोग विषयात पीजी करण्यासाठी २०१८ मध्ये मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजात, म्हणजे नायर रुग्णालयात गेली. २२ मे २०१९ रोजी तिने आपले जीवन संपवले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, त्यांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल. आपण एवढेच लक्षात ठेवावे की तिने एमबीबीएस पूर्ण केले होते, पीजीची जागा मिळवली होती, आणि तरीही तिला तिथे सुखाने शिकता आले नाही.

आपल्याकडे नीट पीजीचा निकाल गटवार कटऑफसह कळतो. पण पालकांचे शिक्षण, घरचे उत्पन्न, शाळेचे माध्यम यांनुसार कोण किती यशस्वी झाले, याचे आकडे निकालाबरोबर जाहीर होत नाहीत. ब्रिटनमध्ये असे आकडे जाहीर होतात. तिथे आपले पुष्कळ मराठी डॉक्टर काम करतात, म्हणून ते उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथली जनरल मेडिकल कौन्सिल पदव्युत्तर परीक्षांचे निकाल वंश, शिक्षणाचा देश आणि घरचा आर्थिक स्तर यांनुसार प्रसिद्ध करते, आणि गरीब वस्त्यांतून आलेल्या, तसेच गोऱ्या नसलेल्या डॉक्टरांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण कमी दिसते. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात हा फरक यंत्राने तपासलेल्या पेपरांतही आढळला. म्हणजे सगळा दोष परीक्षकाच्या मनातल्या पक्षपाताचा नव्हता. पुढे तिथल्या डॉक्टरांशी बोलून झालेल्या अभ्यासात कारणे पुढे आली ती ओळखीचीच: वरिष्ठांशी जमणारे किंवा न जमणारे नाते, आणि घरच्यांपासून, आधार देणाऱ्या माणसांपासून दूर झालेली नेमणूक.

फॅमिली डॉक्टरांच्या परीक्षेतील अशाच फरकावरून तिथल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना २०१४ मध्ये न्यायालयात गेली होती. दावा फेटाळला गेला, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेने हा फरक दूर करण्यासाठी प्रत्यक्ष पावले उचलावीत, असे न्यायालयाने सुनावले. आता कौन्सिलने २०३१ पर्यंत वैद्यकीय शिक्षणातला हा अन्याय्य फरक संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आकडे समोर असले की निदान उद्दिष्ट तरी ठेवता येते. आपल्या परीक्षा मंडळानेही असे आकडे प्रसिद्ध करावेत, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे करायला हरकत नाही.

मंडळाने काय करावे

फी, कोटा आणि कायदे आपल्या हातात नाहीत. पण वेळ, माहिती आणि आधार या तीन गोष्टी काही प्रमाणात आपल्या हातात आहेत.

वेळेसाठी दोन गोष्टी करता येतील. मंडळाचे सभागृह लग्नसराई सोडली तर संध्याकाळनंतर बंदच असते. ते रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावे. आणि परीक्षेआधीच्या सहा महिन्यांसाठी गरजू डॉक्टरांना बिनव्याजी हातउसने द्यावे, म्हणजे त्यांना तेवढ्या काळापुरती रात्रपाळी सोडता येईल. नोकरी लागल्यावर ते पैसे परत करतील आणि पुढच्याला मिळतील. सत्कारावर आपण जो खर्च करतो त्यातूनच याची सुरुवात होऊ शकते. शाल एखाद्या वर्षी नसली तरी चालेल.

माहितीसाठी, आपल्या पंचक्रोशीतले जे डॉक्टर पीजी झालेले आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. एमबीबीएसचा पसंतीक्रम भरण्याआधी पालकांना आणि नीट पीजीच्या अर्जाआधी मुलांना त्यांनी समोर बसवून समजावावे. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका हातात घेऊनच बोलावे. दाखल्यांची कामे जूनमध्येच उरकावीत. नाडकचेरीतली पद्धत माहीत असलेले एक-दोन कार्यकर्ते आपल्याकडे आहेतच, त्यांनी हे अंगावर घ्यावे.

आणि आधार. पीजीला गेलेल्या मुलामुलींना गावातून कोणीतरी आठवड्याला एक फोन करावा, आणि तो ‘निकाल काय’ विचारायला नसावा. जेवलास का, झोप होते का, कोणी त्रास देत नाही ना, एवढे विचारले तरी पुरे. ज्या मुलीचा नंबर पहिल्या वर्षी लागला नाही, तिच्या घरी स्थळ घेऊन जाण्याआधी तिला दुसरा प्रयत्न करायचा आहे का, हे तिलाच विचारावे.

पुढच्या गुणगौरव समारंभात रँक मिळवलेल्यांचे कौतुक आपण करूच. त्याच दिवशी, ज्यांचा नंबर अजून लागलेला नाही पण जे रात्रपाळी करून अभ्यास करीत आहेत, त्यांनाही बोलवावे आणि त्यांना नेमके काय हवे ते विचारावे, असे आम्हाला वाटते. अभ्यासिका आणि हातउसन्याचा विषय मंडळाच्या येत्या बैठकीत ठेवत आहोत. सभासदांनी आपली मते आणि ज्यांना मदत देता येईल त्यांनी आपली नावे कार्यालयात कळवावीत.